जोडा

आमच्या दुकानाच्या पाटीवर रंगाचे चार थर आहेत.
उन्हाळ्यात पोपडे सुटतात,
फ्रेंच अक्षरांच्या पोटातून जर्मन अक्षरं डोकावतात,
त्यांच्याखाली पुन्हा फ्रेंच, आणि तळाला,
बाबांच्या तरुणपणची, काळी टोकदार जर्मन.
वोज डोंगराच्या या अंगाला, द्राक्षांच्या उतारावर,
बाबांनी तीनदा देश बदलला
उंबरा न ओलांडता.

मोराँ कैसरच्या फौजेत होता.
रशियाच्या बर्फात त्याचा डावा पाय काळा पडला, तिथेच कापला.
थिएबो चौदा सालच्या ऑगस्टात
रातोरात डोंगर चढून पलीकडे, फ्रेंचांना मिळाला.
त्याचा उजवा गेला हार्टमान्सविलरच्या माथ्यावर.
ते शिखर आमच्या परसातून दिसतं.
थिएबो तिकडे हनुवटी करून म्हणायचा,
तो बघ, माझा पाय, वर राहायला गेलाय.

एकाच्या कोटावर पदक,
दुसऱ्याच्या कोटाला नुसती बटणं.
गल्ली एक, विहीर एक, आणि सात वर्षं बोलणं नाही.

माप मात्र दोघांचं त्रेचाळीस.
हे बाबांनाच ठाऊक होतं, कलबूत त्यांच्या हाती.
एका मंगळवारी दोघांना एकाच वेळी बोलावलं,
स्टुलावर शेजारी शेजारी बसवलं
आणि एकाच कातड्यावर रापी फिरवली.
डावा थिएबोचा, उजवा मोराँचा.
दाम अर्धे अर्धे.
दर दोन वर्षांनी, सेंट मार्टिनच्या जत्रेआधी.

जोडा कुठे चावतो ते घालणाऱ्यालाच कळतं म्हणतात.
यांचं तसं नव्हतं.
एकाचा चावला की तो कुबडी आपटत दुसऱ्याच्या दारात जाई,
तुझाही चावतो का रे?
बोलणं सुरू झालं ते असं, शिव्यांनी.

मग चाळीस साल. पाटी पुन्हा रंगवली.
टोपी कुठली घालायची, मुलांना हाक कुठल्या नावाने मारायची,
सगळ्याची कागदं आली.
थिएबो पदक घेऊन आला, रात्री, मागच्या दाराने.
बाबांनी मोराँच्या बुटाची टाच पोखरली,
आत पदक ठेवलं, वर चामड्याचे तीन थर, सात खिळे.
कैसरच्या जुन्या शिपायाची टाच कोण उचकटणार?
पाच वर्षं मोराँ त्या पदकावर चालला.
पावसात टोचतं, म्हणायचा.

माझ्या भावाचं नाव ल्युसियाँ.
त्यांनी कागदावर लुत्सियान केलं आणि नेला,
बेचाळीसच्या पानगळीत.
जाताना आपले बूट टाकून गेला, नवा तळ लावून ठेव म्हणाला,
सुट्टीवर आलो की घेतो.
तळ त्याच आठवड्यात लावला.
तांबोव्हच्या छावणीतून परतलेला एक जण सांगून गेला,
पाहिला होता त्याला, पायांना चिंध्या होत्या.
मोच्याचा मुलगा.
बाबांनी त्यानंतर आरी धरली नाही, मी धरली.

चौकातल्या दगडावर त्याचं नाव आहे.
कुठल्या देशासाठी, ते लिहिलेलं नाही.
पाथरवटाने विचारलं होतं.
मेयर बराच वेळ टोपी चाचपत राहिला
आणि म्हणाला, तेवढी जागा कोरी सोड.

पंचेचाळीस साली टाच उघडली.
पदकावरचा चेहरा झिजून गुळगुळीत, खिळ्यांचा गंज लागलेला.
थिएबोने हातात घेतलं, परत दिलं.
राहू दे आत, याच्या टाचेला सवय झालीय.

तो गेला त्रेपन्नच्या फेब्रुवारीत, छातीच्या दुखण्याने.
नोव्हेंबरात मोराँ आला, ठरल्या मंगळवारी,
स्टुलावर बसला, शेजारची जागा ठेवून.
मी विचारलं, एकच शिवू ना आता?
माझ्याकडे असा पाहिला
जसं मी त्याला शिवणकाम शिकवतेय.
एकाला जोडा म्हणतात का, पोरी?

दोन्ही शिवले. उजवा त्याने पायात घातला,
डावा फळीवर ठेवला, ल्युसियाँच्या बुटांशेजारी,
स्वतःच्या बाहीने पुसून.
पैसे मात्र अर्धेच मोजले.
उरलेले थिएबोकडून घे, म्हणाला,
आणि कुबडी सावरत बाहेर पडला.

वहीत ती बाकी अजून तशीच आहे.